छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमला लायसन्स कुठलं लावायचं? बाहेरचा पहिला पॅच (कुणीतरी पाठवलेला कोडमधला बदल) यायच्या आधी उरकायची कामं

शनिवारी संध्याकाळी दादरला मित्राच्या खोलीवर आम्ही चौघं बसलो होतो. आमच्या स्वतःच्या कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या (ओएसच्या) गाभ्याने, पहिल्यांदाच स्क्रीनवर मराठी अक्षरं काढली होती, पण 'किती' मधली पहिली वेलांटी क च्या आधी यायच्या ऐवजी क च्या नंतर लटकत होती. हे नीट करायचं तर अक्षरं आणि मात्रा योग्य जागी मांडणारी हार्फबझ ही लायब्ररी लागणार, म्हणून आमच्यातली सगळ्यात धाकटी, माटुंग्याच्या कॉलेजात शिकणारी मुलगी त्या लायब्ररीचं लायसन्स वाचायला बसली, आणि एकदा वाचायला लागली तशी तिने आमच्या सोर्समधल्या बाकीच्या फायलींच्या वरच्या ओळी पण वाचून काढल्या. मग म्हणाली, "दादा, नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरवर जीपीएल लिहिलंय आणि आपण बाहेर एमआयटी लावलंय. हे चालतं का?"

नाही चालत. जीपीएलची अट अशी की तो कोड घालून बनवलेलं पुढे वाटताना त्याच अटींवर, सोर्ससकट वाटायचं, आणि एमआयटी किंवा बीएसडी लायसन्स मूळ कॉपीराइट आणि लायसन्सचा मजकूर ठेवण्यापलीकडे फारसं काही मागत नाही. तो ड्रायव्हर आमच्यातल्याच एकाने लिनक्समधून उचलून आणला होता, ई१०००चा, म्हणजे क्यूएमू या कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये मिळतं तेच कार्ड, छंद म्हणून ओएस लिहिणारा प्रत्येक जण कधी ना कधी त्यावर येतोच. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण पुढचे पाच शनिवार-रविवार ती फाइल काढून, इंटेलचं मॅन्युअल समोर ठेवून, ज्याने लिनक्सचा कोड कधी उघडलाच नव्हता अशा मित्राकडून नव्याने लिहून घेण्यात गेले, आणि याच्यात सगळ्यात जास्त चुटपुट लावणारी गोष्ट ही की फ्रीबीएसडी या दुसऱ्या ओएसमध्ये त्याच कार्डाचा ड्रायव्हर बीएसडी लायसन्समध्ये आयता होता, तो घेतला असता तर वरची कॉपीराइटची ओळ तशीच ठेवून एका संध्याकाळीत काम झालं असतं. म्हणून हे सगळं लिहितोय, तुमचे ते पाच आठवडे वाचावेत म्हणून. मी वकील नाहीये, पण यातला प्रत्येक मुद्दा आम्ही करून बघितलाय.

पायरी १: आधी घरात काय काय आलंय ते मोजा

बहुतेक जण उलट्या बाजूने सुरू करतात, म्हणजे जीपीएल चांगलं की एमआयटी यावर तासभर चहा पितात. ती चर्चा नंतर. आधी सोर्सच्या प्रत्येक फोल्डरमध्ये जा आणि एका साध्या तक्त्यात लिहा, फाइल कुणी लिहिली, स्वतः लिहिली की कुठून आणली, आणि आणली असेल तर तिच्या डोक्यावर काय लिहिलंय. हा तक्ता झाला की अर्धा निर्णय आपोआप होतो, कारण लिनक्सची एक जरी 'फक्त जीपीएल २' वाली फाइल कर्नलमध्ये राहणार असेल तर तुमचा अख्खा कर्नल वाटताना जीपीएल २ च्याच अटींवर वाटावा लागणार, मग तुमच्या मनात काहीही असो.

लिनक्समधल्या सगळ्या फायली एकसारख्या नाहीत हे पण लक्षात ठेवा. काहींवर 'जीपीएल २ किंवा नंतरची' असतं, काही दुहेरी लायसन्सच्या असतात, आणि ग्राफिक्सच्या डीआरएम भागातला बराच कोड एमआयटीत आहे, म्हणून तर बीएसडीवाले तो घेऊ शकतात. तेव्हा प्रोजेक्टचं नाव बघून ठरवू नका, फाइल उघडून बघा.

छोट्या ओएसमध्ये नेहमी येणाऱ्या गोष्टी सांगतो. सी लायब्ररी म्हणून मसल एमआयटीत आहे, न्यूलिबमध्ये बीएसडी धाटणीची बरीच लायसन्स एकत्र आहेत, ग्लिबसी एलजीपीएल, म्हणजे जीपीएलचं लायब्ररींसाठीचं सौम्य रूप. नेटवर्कसाठी एलडब्ल्यूआयपी बीएसडी. एसीपीआयसाठी (मशीनची वीज आणि हार्डवेअर सांभाळायची पद्धत) एसीपीआयसीए बीएसडी आणि जीपीएल दोन्हीत मिळतं. बूटलोडरमध्ये, म्हणजे ओएस सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममध्ये, ग्रब जीपीएल ३ आणि लिमाइन बीएसडी. कंपायलरबरोबर येणारी लिबजीसीसी पाहून बरेच जण घाबरतात, पण तिच्यासाठी रनटाइम लायब्ररीची खास सूट दिलेली आहे, ती लिंक केल्याने तुमचा कर्नल जीपीएल होत नाही. आणि डूम! हा जुना गेम आपल्या ओएसवर चालवल्याशिवाय कुणालाच चैन पडत नाही, तर त्याचा सोर्स १९९७ मध्ये आला तेव्हा धंद्यासाठी वापरायला बंदी होती आणि १९९९ मध्ये तो जीपीएलमध्ये आला. डूम वेगळा प्रोग्राम म्हणून डिस्कवर असेल तर कर्नलला त्याची बाधा नाही, फक्त त्याचा सोर्स सोबत द्यायचा.

फाइल आणली पण डोक्यावर काहीच नाही, आणि त्या प्रोजेक्टमध्येही लायसन्सची फाइल नाही, असंही होतं. लोकांना वाटतं काही लिहिलं नाही म्हणजे फुकट. उलट आहे. काही लिहिलं नाही म्हणजे सगळे हक्क लिहिणाऱ्याकडे. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम हा साहित्यकृतीतच मोडतो, त्याच्यासाठी रजिस्ट्रेशन करावं लागत नाही, आणि हक्क लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं चालतो. त्यामुळे अशी फाइल एकतर लेखकाला विचारून घ्या नाहीतर काढा. प्रश्नोत्तरांच्या साइटवरून उचललेल्या तुकड्यांचं पण तसंच, स्टॅक ओव्हरफ्लोवरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या शेअर-अलाइक (बदलून वाटलं तरी त्याच लायसन्सखाली) लायसन्सखाली असतो, तो एमआयटीच्या फाइलमध्ये गुपचूप चिकटवता येत नाही. एआयकडून लिहून घेतलेल्या कोडबद्दल नेटबीएसडीने २०२४ मध्ये नियमच केला की असा कोड कलंकित धरायचा आणि कोअर टीमच्या लेखी परवानगीशिवाय घ्यायचा नाही. आम्हीही कर्नलमध्ये तोच नियम ठेवलाय.

पायरी २: तुमचा कोड तुमचाच आहे का ते बघा

हे मुंबईत फार महत्त्वाचं, कारण इथे छंदाची ओएस लिहिणारा माणूस बहुतेक वेळा दिवसा ऐरोली, पवई नाहीतर अंधेरीच्या कुठल्या तरी कंपनीत कोडच लिहितो. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक कंपनी असते, वेगळा करार नसेल तर. आणि कंपनीच्या करारात याहून रुंद कलमं पण असतात, नोकरीत असताना जे जे लिहाल ते सगळं आमचं, अशी. माझ्या एका मित्राला हे राजीनामा देताना कळलं आणि त्याचं मेमरी अ‍ॅलोकेटरचं काम आम्हाला बाजूला ठेवावं लागलं, तो आमच्या बाकीच्या सगळ्या कोडपेक्षा सुंदर होता, आजही वाईट वाटतं.

तर तुमचं अपॉइंटमेंट लेटर काढा, त्यातलं बौद्धिक संपदेचं कलम वाचा, आणि शंका असेल तर एचआरला चार ओळींचा ईमेल टाका की मी घरी, स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या मशीनवर अमुक एक ओपन सोर्स ओएस लिहितोय आणि कंपनीच्या कामाशी त्याचा संबंध नाही, कृपया हरकत नसल्याचं कळवा. उत्तर आलं की जपून ठेवा. ऑफिसच्या लॅपटॉपवर एक ओळ पण लिहू नका. विद्यार्थ्यांनी कॉलेजचं धोरण विचारून घ्यावं, विशेषतः फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणून जमा करणार असाल तर.

पायरी ३: आता खरा प्रश्न, कुणी काय न्यावं आणि तुम्हाला काय परत यावं

आता चहा मागवा. दोन गोष्टी आठवून बघितल्या की हा प्रश्न डोळ्यासमोर उभा राहतो.

पहिली मिनिक्सची. प्राध्यापक टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये शिकवण्यासाठी लिहिलेली ओएस, २००० साली बीएसडी लायसन्समध्ये आली. २०१७ मध्ये उघड झालं की इंटेलच्या चिपसेटमधल्या मॅनेजमेंट इंजिनमध्ये मिनिक्स चालतंय, म्हणजे जगातल्या अगणित कॉम्प्युटरच्या पोटात. टॅनेनबॉमना हे बातमीतून कळलं. त्यांनी जाहीर पत्र लिहिलं, कायद्याने सांगायची गरज नव्हती पण सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं, अशा अर्थाचं. सोर्समध्ये केलेले बदल त्यांना परत मिळाले नाहीत, आणि लायसन्सने ते मागितलेच नव्हते. प्लेस्टेशन ४ ची सिस्टिम फ्रीबीएसडीवर उभी आहे, तिथेही हाच हिशोब.

दुसरी लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरची. आत लिनक्स होतं हे लोकांना कळलं, जीपीएलमुळे कंपनीला २००३ मध्ये सोर्स द्यावा लागला, आणि त्या सोर्सवरून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. आज ज्याच्या घरी जुना राउटर जिवंत ठेवलेला आहे त्याने त्या एका अटीचे आभार मानावेत.

आता स्वतःला विचारा. तुमचा कोड एखाद्या कंपनीने बंद डब्यात घालून विकला, कुठेतरी कोपऱ्यात तुमचं नाव दिलं आणि बाकी काही नाही, तर तुम्हाला आनंद होईल की रात्री झोप लागणार नाही? खरं उत्तर द्या, मित्रांसमोर मोठेपणाचं नको. आनंद होणार असेल, म्हणजे कोड शिकण्यासाठी आहे, कुणीही तुकडे काढून न्यावेत, तर एमआयटी, दोन कलमांचं बीएसडी किंवा आयएससी घ्या, तिघांत व्यवहारात फरक जवळजवळ नाही. हायकू एमआयटीत आहे, रेडॉक्स एमआयटीत, सेरेनिटी दोन कलमी बीएसडीत, ओपनबीएसडीला नव्या कोडसाठी आयएससी आवडतं. म्हणजे छोट्या ओएसच्या गावात ही बाजू जास्त वस्तीची आहे आणि त्यांच्याकडून कोड घेणं-देणं सोपं जातं.

झोप लागणार नसेल तर जीपीएल. मग २ की ३? रिअ‍ॅक्टओएस 'जीपीएल २ किंवा नंतरची' आहे, लिनक्स 'फक्त २'. जीपीएल ३ २००७ ला आली, तिच्यात पेटंटची परवानगी स्पष्ट लिहिलीय, चूक सुधारायला मुदत आहे, आणि घरगुती वापराचं उपकरण विकणाऱ्याला बदललेला कोड त्या उपकरणावर चढवता येईल अशी माहिती पण द्यावी लागते. माझं मत स्पष्ट आहे, नव्या प्रोजेक्टने 'फक्त २' लिहू नये, 'किंवा नंतरची' हे शब्द ठेवावेत. कारण अपाची २.० या लायसन्सचा कोड जीपीएल ३ मध्ये घेता येतो पण 'फक्त २' मध्ये घेता येत नाही, आणि आज चांगल्या लायब्ररींचा मोठा ढीग अपाचीत आहे. हे दोन शब्द गाळून पुढे पस्तावलेले लोक मी पाहिलेत.

मधली वाट पण आहे, एमपीएल २.०, २०१२ ची. तिच्यात अट फाइलपुरती असते, तुमची फाइल बदलली तर ती फाइल उघडी ठेवायची, बाजूच्या फायली त्यांच्या. ड्रायव्हर बाहेरच्यांनी लिहावेत असं वाटत असेल तर विचार करण्यासारखी आहे. अपाची २.० पेटंटबाबत सावध लोकांसाठी उत्तम, झेफिर ही छोट्या उपकरणांची ओएस त्याच्यात आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स कोडला लावू नका, ते डॉक्युमेंटेशनला, चित्रांना. आणि स्वतःचं लायसन्स तर कृपा करून लिहू नका. लिनक्सची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये घरगुती लायसन्सखालीच आली होती, पैसे घ्यायला बंदी होती, त्यामुळे फ्लॉपीचा खर्च घेऊन वाटणाऱ्यांचीसुद्धा पंचाईत, आणि १९९२ च्या सुरुवातीला ते जीपीएलवर गेलं. 'पब्लिक डोमेन' अशी एक ओळ लिहून पण सोडू नका, आपल्या कायद्यात हक्क सोडायला कलम २१ खाली रजिस्ट्रारला नोटीस देणं किंवा जाहीर नोटीस देणं आलं. कुणाकडूनही काहीच नको असेल तर झीरो क्लॉज बीएसडी लावा, झालं.

पायरी ४: एक ओएस, पण लायसन्स एकच असायला हवं असं नाही

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. कर्नल, सी लायब्ररी, हेडर आणि यूजर प्रोग्राम हे वेगवेगळे ठरवा. समजा तुम्ही सगळ्यालाच जीपीएल लावलं. तुमच्या ओएसवर चालणारा प्रत्येक प्रोग्राम तुमची सी लायब्ररी लिंक करणार, मग त्या सगळ्यांवर जीपीएल येणार, आणि मग एखाद्याला त्याचा छोटा गेम त्याच्या मर्जीच्या लायसन्समध्ये द्यायचा असेल तर तो तुमच्याकडे येणारच नाही. एलजीपीएलने सुटतं, पण छोट्या ओएसमध्ये डायनॅमिक लिंकर बरीच वर्षं नसतोच, सगळं स्टॅटिक, म्हणजे लायब्ररी प्रोग्रामच्या फाइलमध्येच मिसळलेली, आणि एलजीपीएलची लायब्ररी स्टॅटिक लिंक केली तर प्रोग्राम पुन्हा लिंक करता येईल असा ऑब्जेक्ट कोड द्यावा लागतो. उगाच ताप.

म्हणून लायब्ररी आणि सिस्टिम कॉलची (प्रोग्रामने कर्नलकडे काम मागायच्या मार्गाची) हेडर एमआयटी किंवा बीएसडी, हे डोळे झाकून करा. कर्नल जीपीएल ठेवणार असाल तर लायसन्सच्या फाइलजवळ एक टीप घाला की नेहमीच्या सिस्टिम कॉलमधून कर्नलच्या सेवा वापरणारे प्रोग्राम या लायसन्सच्या कक्षेत येत नाहीत. लिनक्समध्ये ही टीप कित्येक वर्षांपासून आहे आणि तिने केवढे वाद वाचवलेत. आम्ही शेवटी सुरुवातीचं एमआयटी बदलून कर्नल 'जीपीएल २ किंवा नंतरची', लायब्ररी आणि हेडर एमआयटी, डॉक्युमेंटेशन क्रिएटिव्ह कॉमन्स बाय ४.० असं केलं.

फॉन्टचं वेगळंच. मराठी दाखवायचं तर ओपन फॉन्ट लायसन्सवाले फॉन्ट शोधा. आपल्या मुंबईच्याच एक टाइप या गटाचा मुक्ता त्यात आहे, नोटो आहे, लोहित आधी जीपीएलमध्ये होता आणि २०११ मध्ये या लायसन्समध्ये आला. हे फॉन्ट ओएसबरोबर खुशाल द्या, फक्त नुसता फॉन्ट विकायचा नाही, आणि नाव राखीव ठेवलेलं असेल तर बदललेल्या फॉन्टला तेच नाव द्यायचं नाही. अक्षर काढायला फ्रीटाइप घ्याल तर ते स्वतःचं लायसन्स आणि जीपीएल २ यातलं जे हवं ते निवडू देतं, कुठलं निवडलं ते तक्त्यात लिहून ठेवा. हार्फबझ एमआयटी धाटणीचं आहे, आमची वेलांटी त्यानेच जागेवर आणली.

पायरी ५: कागदपत्रं, एका दुपारीत होतात

रिपोच्या (कोडच्या साठ्याच्या) मुळाशी लायसन्सचा पूर्ण मजकूर, एक अक्षर न बदलता. कॉपीराइटच्या ओळीत साल आणि 'अमुक ओएसचे योगदानकर्ते', आणि वेगळ्या फाइलमध्ये खरी नावं. मग प्रत्येक सोर्स फाइलच्या पहिल्या ओळीत एसपीडीएक्सची ओळख, म्हणजे कॉमेंटमध्ये लायसन्सचं ठरलेलं छोटं नाव. ही पद्धत २०२१ पासून आयएसओ स्टँडर्ड आहे आणि माणसापेक्षा स्क्रिप्टला जास्त उपयोगी पडते. रीयूज नावाचं टूल आहे, ते चालवलं की कुठल्या फाइलवर ओळ राहिली ते लगेच सांगतं, आम्ही ते प्रत्येक पुशवर लावलंय. बाहेरून आणलेलं सगळं 'थर्ड पार्टी' फोल्डरमध्ये, मूळ लायसन्ससकट, कुठून आणि कुठल्या कमिटवरून (नोंदलेल्या बदलावरून) आणलं त्याची नोंद ठेवून. मूळ कॉपीराइटच्या ओळी कधीही पुसू नका. एमआयटी किंवा बीएसडी तुमच्याकडून मागतं ते एवढंच, आणि तेवढंही लोक विसरतात.

पायरी ६: बाहेरचा माणूस पॅच घेऊन आला

इथून पुढे तुम्ही एकटे मालक नाही. ज्याने पॅच दिला त्याच्या ओळींचा हक्क त्याचा, आणि लायसन्स बदलायचं तर त्याची परवानगी लागणार. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीने अपाची २.० वर जायचं २०१५ मध्ये जाहीर केलं, २०१७ पासून एकेका योगदानकर्त्याला गाठत बसले, आणि नवं लायसन्स घेऊन आवृत्ती ३.० आली ती २०२१ च्या सप्टेंबरमध्ये. आम्ही लायसन्स बदललं तेव्हा आमचे तर मोजून सात योगदानकर्ते होते, त्यातला एक कॅनडाला गेला आणि मेलला उत्तरच देईना, त्याच्या ४० ओळी पुन्हा लिहिल्या. आणि आधी एमआयटीत दिलेल्या प्रती एमआयटीतच राहतात बरं का, त्या परत घेता येत नाहीत.

म्हणून पहिल्या पॅचच्या आधी नियम लिहा: पॅच त्या फाइलच्याच लायसन्सखाली, आणि प्रत्येक कमिटवर 'साइन्ड ऑफ बाय' ची ओळ. लिनक्सने हे २००४ पासून चालवलंय, त्या ओळीचा अर्थ, हा कोड द्यायचा मला हक्क आहे. गिटला कमिट करताना मायनस एस दिलं की ओळ आपोआप येते. हक्क तुमच्या नावावर करून घेणारे करार छोट्या प्रोजेक्टने टाळावेत असं मला मनापासून वाटतं, माणसं दुरावतात. शिवाय आपल्या कायद्यात असा करार लेखी आणि सहीचा लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर तो ५ वर्षांचा धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. घाईत दोन ओळींत लिहिलेला कागद पाच वर्षांनी रद्दीत.

पायरी ७: आयएसओ (ओएसच्या डिस्कची इमेज फाइल) वाटायच्या दिवशी

सोर्समध्ये सगळं नीट असूनही इथे पाय घसरतो. आयएसओमध्ये ग्रब घातलं की तुम्ही ग्रबही वाटताय, म्हणजे त्याचा सोर्स देणं तुमचं काम, 'त्यांच्या साइटवर आहे' असं सांगितलं तरी तो मिळत राहील ही जबाबदारी तुमचीच. आम्हाला तेवढं झेपणार नव्हतं म्हणून लिमाइन घेतलं. वायफायच्या फर्मवेअरच्या फायली असतील तर त्या वाटायची परवानगी आहे का ते एकेकीचं वाचा, आणि त्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा म्हणजे ज्याला नको त्याला काढता येतात.

सगळ्यात सरळ मार्ग सांगतो. आयएसओच्या शेजारीच त्याच आवृत्तीचा सोर्स, थर्ड पार्टीसकट, एका झिपमध्ये ठेवा. पेन ड्राइव्ह देत असाल तर त्यातच घाला. सोर्स सोबत नसेल तर जीपीएल २ मध्ये ३ वर्षं चालणारी लेखी हमी द्यावी लागते, कोण सांभाळणार ते. परवा लॅमिंग्टन रोडवरून आणलेले १० पेन ड्राइव्ह आम्ही कॉलेजच्या लॅबमध्ये वाटले, प्रत्येकात आयएसओ, सोर्सची झिप, लायसन्सचं फोल्डर, आणि त्या मुलीने बनवलेला तो तक्ता, आता त्यात २१२ ओळी आहेत आणि एकीच्याही पुढचा रकाना रिकामा नाही.